नवी मुंबई मेट्रो मार्गिका १: गाडी चांगली, पण जिना उतरल्यावर पुढे काय?

आधी गुणपत्रिका देऊन टाकू. गाडीला पाचपैकी साडेचार, स्थानकांना चार, फेऱ्यांना तीन आणि स्थानकाच्या जिन्यापासून सोसायटीच्या गेटपर्यंतच्या वाटेला जेमतेम दीड. हा दीड गुण मेट्रो चालवणाऱ्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. तो नेमका कोणाच्या खात्यावर टाकायचा हाच खरा घोळ आहे. म्हणून या परीक्षणात गाडीबद्दल थोडक्यात आणि त्या वाटेबद्दल, तिच्या आराखड्याबद्दल आणि पैशांबद्दल सविस्तर.

बेलापूर ते पेंधर हा ११.१ किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि त्यावर ११ स्थानकं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने बांधला, चालवते महामेट्रो ही सरकारी मेट्रो कंपनी. काम २०११ मध्ये सुरू झालं आणि प्रवासी बसले ते १७ नोव्हेंबर २०२३ ला. बारा वर्षांचं हे भिजत घोंगडं खारघर-तळोज्यात घर घेतलेल्यांना चांगलंच आठवत असेल. आता तीन डब्यांची वातानुकूलित गाडी आहे. सायन-पनवेल महामार्गाच्या कोंडीशी तिला देणंघेणं नाही आणि उत्सव चौकातल्या सिग्नलला ती थांबत नाही. भाडं सुरुवातीला १० ते ४० रुपये होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते खाली आलं: चार किलोमीटरपर्यंत १०, आठपर्यंत २० आणि त्यापुढे ३०. एसी डब्यात बसून बेलापूर ते पेंधर ३० रुपयांत, याबद्दल कुरकुर करायला जागा नाही.

जागा आहे ती वाट पाहण्याबद्दल. सेवा सुरू झाली तेव्हा दर १५ मिनिटांनी गाडी होती, नंतर गर्दीच्या वेळी दर १० मिनिटांनी झाली. पंधरा मिनिटांच्या अंतराने गाडी असेल तर वेळापत्रक न बघता येणारा माणूस सरासरी साडेसात मिनिटं फलाटावर उभा राहतो. ११ स्थानकांमध्ये १० टप्पे, म्हणजे दोन स्थानकांत सरासरी १.१ किलोमीटर. दोन स्थानकं जायचं तर प्रवास चार-पाच मिनिटांचा. प्रवासापेक्षा वाट पाहणं मोठं झालं की माणूस खाली शेअर रिक्षाकडे बघतो, भाडं दहाच रुपये असलं तरी. त्यामुळे जवळच्या प्रवासासाठी ही मेट्रो मध्यम आहे आणि तळोजा-पेंधरकडून थेट बेलापूरला जाणाऱ्यासाठी उत्तम.

दुसरी गोष्ट नवीन राहायला आलेल्यांनी नकाशात नीट बघावी. ही मार्गिका खारघर रेल्वे स्थानकाला शिवतच नाही. लोकल पकडायची तर बेलापूर टर्मिनलला उतरून चालत रेल्वे स्थानक गाठायचं आणि लोकलचं तिकीट वेगळं काढायचं. सेक्टर ३४-३५ कडून मुंबईला जाणाऱ्याचा हिशोब असा मांडावा: घर ते मेट्रो चालत ८ मिनिटं, वाट ५ ते ७, जिना आणि तपासणी ३, मग गाडीतला वेळ, आणि शेवटी बेलापूरला गाडी बदलायला १०. यातले गाडीबाहेरचे २५-३० मिनिटं कमी करणं म्हणजेच मेट्रो सुधारणं. त्यासाठी एकही नवा खांब लागत नाही.

पाचशे मीटर कागदावरचे आणि पायाखालचे

नियोजनात स्थानकाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायची पद्धत आहे. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने हे अंतर सात मिनिटांत होतं. पण वर्तुळ कावळ्यासाठी ठीक. माणसाला रस्ता ओलांडावा लागतो, आणि खारघरचे रस्ते रुंद आहेत, मध्ये दुभाजक, दुभाजकावर कुठे रेलिंग तर कुठे झुडपं. समोर दिसणाऱ्या सोसायटीत जायला पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं की ५०० चे ८०० मीटर होतात. मग लोक रेलिंगची एक सळई वाकवून वाट करतात. ही वाकलेली सळई म्हणजे फुकटात मिळालेला सर्व्हे आहे: क्रॉसिंग इथे हवं होतं. पालिका मात्र ती वेल्डिंग करून बंद करते.

क्रॉसिंग मागताना ‘इथे फार धोका आहे’ या वाक्यावर फाइल हलत नाही, आकड्यांवर हलते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा जुना ठोकताळा अजून उपयोगी पडतो: गर्दीच्या तासातली पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेला की जमिनीवरचं क्रॉसिंग देणं रास्त ठरतं. तासाला ३०० माणसं आणि ९०० वाहनं असली तर उत्तर २४ कोटी ३० लाख येतं. म्हणजे मागणी बसते. मोजणी मंगळवार ते गुरुवारमध्ये करावी, सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून. सोमवार आणि शुक्रवार टाळावेत, शाळेच्या सुट्टीतले दिवस तर नकोच. कॉलेजची चार मुलं आणि दोन क्लिकर एवढ्यावर हे काम होतं.

सिग्नल असेल तर वेळेचा हिशोब मागावा. २१ मीटर रुंद रस्ता १.२ च्या चालीने साडेसतरा सेकंदांचा, पण गुडघे दुखणाऱ्या आजींची चाल ०.८ धरली तर २६ सेकंदांचा. वाहनांचा वेळ कापायचा नाही म्हणून पादचाऱ्याला १५ सेकंद दिले जातात आणि मग ‘लोक सिग्नल पाळत नाहीत’ अशी तक्रार होते. यावर स्वस्त उपाय म्हणजे दुभाजकात थांबा. त्यासाठी दुभाजक किमान १.२ मीटर रुंद हवा, बाबागाडी किंवा व्हीलचेअर मावायची तर २ मीटर. दोन टप्प्यांत ओलांडलं की प्रत्येक टप्पा साडेदहा मीटरचा, म्हणजे आजींनाही १३ सेकंद पुरतात.

गतिरोधकाबाबत मात्र सावध. मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी कंबर न मोडता जाते. प्रत्यक्षात मिळते ती खिळे ठोकलेली काळी-पिवळी रबरी पट्टी. तिने बसमधल्या मागच्या सीटवरचा माणूस उडतो, दुचाकीवाला बाजूच्या फटीतून निघतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मे खिळे वर येतात.

फूटपाथचं एक टोक, जवळून

फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको, हे नियम सर्वांना पाठ असतात. घोडं अडतं उतारावर. उतार १ ला १२ हवा, म्हणजे १५० मिलिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी लागते. फूटपाथच १.८ मीटरचा असेल तर उतार सगळा फूटपाथ खाऊन टाकतो आणि सरळ जाणाऱ्याला तिरक्या पृष्ठभागावरून चालावं लागतं. मग ठेकेदार उतार अर्ध्या लांबीत बसवतो. फोटोत तो सुंदर दिसतो, पण १ ला ६ च्या त्या उतारावरून व्हीलचेअर एकट्याने चढत नाही. अशा जागी उतार न करता फूटपाथच क्रॉसिंगपाशी हळूहळू खाली आणावा, नाहीतर रस्ताच वर उचलून टेबलटॉप क्रॉसिंग करावं.

टेबलटॉप हा सगळ्यात चांगला उपाय, पण खारघरचा पाऊस लक्षात घेऊन. टेबल कर्बला चिकटवलं की कर्बलगतचं वाहतं पाणी अडतं आणि क्रॉसिंगच्या वरच्या बाजूला तळं साठतं. वरच्या अंगाला जास्तीची जाळी असलेलं चेंबर द्यावं, किंवा टेबल आणि कर्ब यांच्यात नाली सोडून तिच्यावर झाकण घालावं. चेंबरच्या जाळीच्या सळया चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या बसवल्या तर सायकलचं चाक आणि सँडलची टाच दोन्ही अडकतात. उताराच्या पायथ्याशी नेमकं हेच चेंबर येणं ही तर नेहमीचीच गंमत: उताराचा नकाशा एक विभाग काढतो, पावसाळी गटाराचा दुसरा.

पिवळ्या स्पर्शफरश्यांचंही तसंच. पट्ट्यांची फरशी म्हणजे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. ४०० मीटरच्या एका रांगेला ३०० मिलिमीटरच्या साधारण १,३३० फरश्या लागतात. पण ही रांग महावितरणच्या डीपी बॉक्सवर, म्हणजे वीजजोडणीच्या पेटीवर, जाऊन आपटत असेल तर ती नसलेली बरी. काठीने चालणारा माणूस तिच्यावर विसंबतो.

पेव्हर ब्लॉकमध्ये जाडी बघावी: पायी चालण्यापुरते ६० मिलिमीटर, पण सोसायटीच्या गेटसमोर गाड्या ओलांडतात तिथे ८०. सगळीकडे ६० लावले की गेटसमोरचे दोन वर्षांत खचतात आणि तिथे पाणी साठतं. ब्लॉकखालची वाळू २५ ते ४० मिलिमीटरच असावी. खोदकामाची पोकळी भरायला वाळूच ओतली की पहिल्या पावसात ब्लॉक लाटेसारखे वरखाली होतात. शिवाय फूटपाथ करतानाच खाली दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत. इंटरनेटवाला आला की त्यातून केबल ओढेल, नाहीतर नवा फूटपाथ सहा महिन्यांत फुटलाच म्हणून समजा.

फीडर बस: इथे पैशाचा स्वभाव कळतो

चालण्यापलीकडच्या सेक्टरांसाठी फीडर, म्हणजे स्थानकापर्यंत आणून सोडणारी बस, हवी, ही मागणी प्रत्येक सभेत होते. तिचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. सहा किलोमीटरचा वळसा धरा. थांबत थांबत ताशी १५ च्या वेगाने २४ मिनिटं, टोकाला विश्रांती ६, म्हणजे अर्ध्या तासाचं चक्र. दर १० मिनिटांनी बस हवी तर तीन बस, शिवाय एक राखीव. प्रत्येक बसच्या तासाला दोन फेऱ्या आणि १४ तास सेवा म्हणजे दिवसाला ८४ फेऱ्या, ५०४ किलोमीटर. ठेक्याचा दर समजा किलोमीटरला ६० रुपये धरला तर रोजचा खर्च ३०,२४० रुपये. तिकीट १० रुपये असेल तर खर्च निघायला रोज ३,०२४ प्रवासी हवेत, फेरीमागे ३६. म्हणजे मिडी बस पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेली. असं कुठेही होत नाही. तूट राहणारच, आणि ती कोण भरणार हे लिहून घेतल्याशिवाय फीडर सुरू झाली तर सहा महिन्यांत फेऱ्या गळायला लागतात.

इथेच मोठी मेख आहे. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधी वर्षाला ५ कोटी. दोन्हींतून टिकाऊ मालमत्ता उभी राहू शकते, पण बसचं डिझेल, वीज किंवा चालकाचा पगार त्यात बसत नाही. खासदार निधीत तर बांधलेल्या वस्तूची देखभाल कोण करणार याची हमी आधी लागते. ही हमी पालिकेने दिली नाही म्हणून पडून राहणारी कामं कमी नाहीत. म्हणून बसथांब्याचा निवारा होतो आणि बस येत नाही.

निवाऱ्याचीही एक वेगळी तऱ्हा. जाहिरातीच्या हक्काच्या बदल्यात खासगी कंपनीने निवारा बांधायचा, या पद्धतीत पालिकेचा खर्च शून्य. पण निवारा जाहिरात जिथून दिसते तिथे उभा राहतो, प्रवासी जिथे थांबतात तिथे नाही. करारात जागा पालिकेने ठरवायच्या आणि जाहिरात न चालणाऱ्या थांब्यांचाही ठरावीक हिस्सा बांधायचा, ही दोन वाक्यं असली तरच ही पद्धत चांगली. थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर असावा, निवाऱ्यामागे फूटपाथची १.८ मीटर वाट शिल्लक राहावी. बससाठी रस्त्याच्या कडेला खाच कापायचा मोह टाळावा. त्या खाचेत रिक्षा उभ्या राहतात आणि बस बाहेरच थांबते.

हद्द कोणाची, खिसा कोणाचा

ही मार्गिका फक्त ११ किलोमीटरची, पण बेलापूर नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-तळोजा पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. त्यामुळे एकाच मेट्रोच्या दोन टोकांच्या आमदार निधीच्या फाइली एक ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि दुसरी थेट अलिबागला जाते. परिवहन मात्र नवी मुंबई महापालिकेचं, आणि त्याच्या बस खारघर-पनवेलमध्येही धावतात. तूट एका पालिकेची, प्रवासी दुसरीचे. फीडर वाढवा म्हटलं की हाच प्रश्न पुढे येतो. वाहतूक पोलिसांचं आयुक्तालय सुदैवाने एकच आहे, त्यामुळे रिक्षा स्टँड, नो पार्किंग आणि क्रॉसिंगची अधिसूचना तिथून दोन्ही बाजूंना होऊ शकते. सुरुवात तिथूनच करावी, कारण यात खर्च जवळजवळ नसतो.

मोठ्या पैशाचा इतिहास पाहिला तर या शहराने वाहतुकीसाठी पैसा उभा करायची स्वतःची पद्धत काढली होती. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, रेल्वेने ३३. जमीन विकून आलेल्या पैशातून लोकल आली, आणि लोकल आल्याने जमिनीचे भाव चढले. मेट्रोमागेही सिडकोचाच खिसा आहे. पण या हिशोबात स्थानकाची हद्द संपली की पैसाही संपतो. जिन्याखालचा फूटपाथ सिडकोने पालिकेला सोपवला की नाही, हे कागदावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. हस्तांतरण न झालेल्या रस्त्यावर पालिका खर्च टाकायला कचरते आणि सिडको ‘आता ते पालिकेकडे’ म्हणते. माहिती अधिकारात विचारायचा पहिला प्रश्न हाच: अमुक रस्त्याच्या अमुक टप्प्याचा ताबा कोणत्या तारखेला, कोणाकडे? त्याच अर्जात ताबापावतीची प्रतही मागावी.

ताबा पालिकेकडे असेल तर प्रभागाच्या तरतुदीतून छोटी कामं, जिल्हा नियोजन समितीकडून नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेचा पैसा आणि आमदार निधी, असे तीन दरवाजे. बेलापूरच्या बाजूला चौथाही आहे. नवी मुंबई राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने रस्त्याकडेची उघडी माती झाकून धूळ कमी करणारं काम त्या चौकटीत मांडता येतं. तळोजा एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्याच्या दोन टक्क्यांचा निधी, दिवे आणि बाकांसाठी बरा, पण त्यातून फूटपाथ मागू नये. कंपनीला फलक हवा असतो आणि फूटपाथला फलक लागत नाही.

एकाच कामासाठी दोन निधींकडे अर्ज करू नये. दोन्हीकडे ‘दुसऱ्या योजनेत प्रस्तावित’ असा शेरा पडतो आणि काम दोन्हीकडून सुटतं. त्यापेक्षा तुकडे पाडावेत: फूटपाथ पालिकेचा, निवारा आमदार निधीचा, रंगकाम आणि फलक वाहतूक शाखेचे.

फाइल कशी असावी

एक पान पत्र, एक पान मोजणी, एक नकाशा. नकाशावर झाडं, खांब, डीपी बॉक्स, गॅसच्या खुणा, चेंबर आणि सोसायट्यांची गेटं दाखवावीत, कारण अंदाजपत्रक फुगतं ते याच गोष्टींनी. एका बाजूचा ४०० मीटर लांब, २ मीटर रुंद फूटपाथ म्हणजे ८०० चौरस मीटर पेव्हर आणि ४०० मीटर कर्ब. वाटेत आठ गेटं असतील तर आठ ठिकाणी जाड ब्लॉक आणि सोळा उतार. ही परिमाणं आपणच काढून दिली की कनिष्ठ अभियंत्याला दरसूचीतले दर लावून अंदाजपत्रक करणं तासाभराचं काम राहतं. खांब हलवायचा असेल तर महावितरणचं अंदाजपत्रक वेगळं लागतं आणि ती रक्कम आधी भरावी लागते. हे विसरलं की फूटपाथ तयार होतो आणि खांब मधोमध उभाच.

पत्र दिवाळीआधी गेलं पाहिजे, कारण पालिकेच्या पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी विभागांच्या मागण्या त्याच सुमारास जमायला लागतात. प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश या चार शिक्क्यांत सहज सहा महिने जातात. मे अखेरीस पावसाळ्यासाठी खोदकाम थांबतं, म्हणून मार्चमध्ये कार्यादेश निघालेलं काम घाईत उरकलं जातं किंवा उघडं पडून राहतं. कार्यादेश डिसेंबर-जानेवारीत निघेल असा नेट लावावा.

काम सुरू असताना बघायच्या गोष्टी तीनच: ब्लॉकखालची भर थराथराने दाबली जाते का, उताराची लांबी टेपने १.८ मीटर भरते का आणि पाण्याचा ढाळ रस्त्याकडे आहे की सोसायटीच्या भिंतीकडे. शेवटची गोष्ट बादलीभर पाणी ओतून दोन मिनिटांत कळते, आणि ती ब्लॉकच्या फटी भरायच्या आधीच बघावी. दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायचा, कालावधी किती हे कार्यादेशात लिहिलेलं असतं. त्याची प्रत सोसायटीच्या फाइलला लावून ठेवावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी साठलेल्या आणि खचलेल्या जागांना पिवळ्या रंगाची खूण करून तारखेसह फोटो लेखी तक्रारीला जोडावेत आणि पोच घ्यावी. ठेकेदाराची अनामत सुटेपर्यंत ही दुरुस्ती त्याच्याच खर्चाने होते, त्यानंतर तिच्यासाठी नवं अंदाजपत्रक लागतं.